मागच्या दारातून निघालेली वायर

घराच्या मागच्या खिडकीच्या कोपऱ्यातून काळी, दोनपदरी सर्व्हिस वायर बाहेर पडते. पडवीच्या वाशाला दोन वेढे घेते, शेवग्याच्या फांदीला टेकते आणि तिथून गोठ्याच्या पत्र्यावर उतरते. मधे एक जॉइंट. जॉइंटवर टेप, टेपवर दुधाची रिकामी पिशवी, पिशवीवर सुतळी. गोठ्यात वायरीचं एक तोंड होल्डरला, दुसरं लाकडी फळीवरच्या सॉकेटला. संध्याकाळी धारेच्या वेळी बटण दाबलं की दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे काम झालं, असं घरचे धरून चालतात. पुष्कळदा काम करून देणाराही तेच धरून चालतो.

महाराष्ट्रातल्या जवळपास कुठल्याही गावात ही वायर दिसेल. कुठे ती गोठ्यात जाते, कुठे न्हाणीघरात, कुठे विहिरीवरच्या मोटारीकडे, कुठे शेळ्यांच्या शेडमध्ये. तिला थोडा इतिहासही आहे. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारची कुटीर ज्योती योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या घरांना एका दिव्याची जोडणी, एवढाच तिचा आवाका. पण एका दिव्यावर घर थांबत नाही. त्याच बिंदूवरून पुढे पंखा आला, टीव्ही आला आणि कधीतरी गोठ्यातही उजेड हवासा झाला. राहत्या घराच्या वायरिंगचा कोणीतरी एकदा तरी विचार केलेला असतो. गोठ्याची वायर मात्र उरल्यासुरल्या मालातून, दुसऱ्या कामासाठी आलेल्या वायरमनला ‘जाता जाता’ सांगून ओढून घेतली जाते. मग वीज गोठ्यात पोचते, आणि विजेपासून वाचवणारी व्यवस्था घरातच राहते.

याची पहिली तक्रार सहसा कडबाकुट्टी करते. दिवा बिनतक्रार जळत असतो, कारण नऊ वॅटच्या एलईडीला लागतं किती? साधारण ०.०४ अँपिअर. कडबाकुट्टीची दोन एचपीची सिंगल फेज मोटार चालू असताना ११-१२ अँपिअर ओढते आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाचपट, म्हणजे साठच्या आसपास. आता घर ते गोठा अंतर ४० मीटर धरू. वीज जाते तशी परतही येते, त्यामुळे हिशेबात तार ८० मीटर. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या ८० मीटर तारेचा रोध सुमारे १.४५ ओहम, दीडचा जेमतेम १, चारचा ०.३७. गावातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, लांब असली तर संध्याकाळी घरातच २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळत असतात. अशा वेळी मोटार सुरू करताना एकच्या वायरीत साधारण ५५ व्होल्ट वाटेतच जिरतात आणि मोटारीपर्यंत १४५ पोचतात. दीडच्या वायरीने १६० पोचतात, चारच्या वायरीने १८० च्या थोडं वर.

फरक दिसतो त्याहून मोठा आहे. मोटारीची उठण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १४५ व्होल्टवर ती ठरलेल्या ताकदीच्या ४० टक्के उरते, १८२ वर ६३ टक्के. त्यात पात्यात कडब्याची पेंढी आधीच अडकलेली असली, तर मोटार नुसती घुमत राहते, फिरत नाही. घुमणारी मोटार तो सुरुवातीचा भरमसाट प्रवाह ओढत बसते आणि थोड्याच वेळात वाइंडिंगचा जळका वास येतो. मोटार रिवाइंडिंगला जाते, दोष मोटारीच्या कंपनीला मिळतो. खरा दोषी वाशाला वेढे घेऊन निवांत लोंबत असतो.

म्हणून वायरीची जाडी ठरवताना विचार दिव्याचा नव्हे, सगळ्यात अवजड यंत्राचा आणि अंतराचा करावा लागतो. चाळीस मीटरवर कडबाकुट्टी असेल तर तांब्याची चारची वायर ही काही चैन नव्हे. ॲल्युमिनियम घ्यायचं तर तेवढ्याच कामाला साधारण दीडपटीहून थोडी जाड तार लागते. शिवाय ॲल्युमिनियमचा जॉइंट सैल पडण्याची खोड वेगळी, आणि सैल जॉइंट तापतो. गोठ्यात वर माळ्यावर वैरण, खाली भुसा, कोपऱ्यात जळमटं असतात. ‘शॉर्टसर्किटने गोठा खाक’ या मथळ्याच्या बातम्यांमागे असा एखादा तापलेला जॉइंट असणं सहज शक्य असतं.

कमी व्होल्टेजने मोटार जळते. माणूस आणि जनावर दगावतं ते न ओढलेल्या तिसऱ्या तारेपायी.

बहुतेक गोठ्यांत फेज आणि न्यूट्रल या दोनच तारा गेलेल्या असतात. सॉकेट थ्री-पिनचं असतं, पण वरचं मोठं भोक रिकामं. त्यामागे काहीच जोडलेलं नसतं. ओलीने मोटारीच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन उतरलं की फेज तिच्या लोखंडी अंगावर येते. अर्थिंग असतं तर तो प्रवाह जमिनीत गेला असता. ते नसल्याने तो वाट पाहतो, ओल्या पायांनी कोणी हात लावण्याची. ‘बॉडीला करंट येतो’ ही तक्रार गावोगाव इतकी नेहमीची आहे, की त्यावरचा तोडगाही नेहमीचा झालाय: प्लग उलटा घालून बघा, चप्पल घालून हात लावा, लाकडी फळीवर उभे राहा.

यापेक्षा घातक तोडगा काही वायरमन करतात. सॉकेटमध्येच तारेचा छोटा तुकडा घालून अर्थची पिन न्यूट्रलला जोडून टाकतात. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये धरला तर लख्ख पेटतो, मालक खूश. पण शेवग्याच्या फांदीवर घासून न्यूट्रलची तार तुटली, की गोठ्यातल्या चालू दिव्यातून फेज त्या तुटक्या न्यूट्रलवर येते, तिथून अर्थच्या पिनवर आणि तिथून मोटारीच्या अंगावर. मोटार धडधाकट, इन्सुलेशन शाबूत, बटणही बंद. तरी अंगात करंट. दिवा मात्र विझलेला असतो, म्हणून घरच्यांना वाटतं वीजच गेली, आणि कोणीतरी अंधारात चाचपडत मोटारीला हात लावतं.

न्यूट्रल तुटण्याच्या याच भीतीमुळे ब्रिटनमध्ये एक वेगळी पद्धत रूढ झाली आहे. तिथे अनेक घरांना वीज कंपनीकडून न्यूट्रल आणि अर्थ एकाच तारेने मिळतात. रस्त्याखाली ती एकत्र तार तुटली, तर घराच्या अर्थला जोडलेलं सगळं लोखंड जिवंत होऊ शकतं. घराच्या आत सगळेच नळ आणि पाइप एकमेकांना बांधलेले असल्याने धोका तुलनेने कमी. पण बागेच्या टोकाला असलेल्या लाकडी शेडमध्ये माणूस ओल्या मातीवर उभा असतो. म्हणून तिथले इलेक्ट्रिशियन पुष्कळदा घराचं अर्थ शेडपर्यंत नेतच नाहीत. शेडजवळ स्वतंत्र रॉड ठोकतात आणि जोडीला गळती पकडणारं यंत्र बसवतात. म्हणजे घरातून तिसरी तार आलीच पाहिजे असं नाही. तिचं काम करणारं कोणीतरी तिथे हवं.

आपल्याकडे त्यासाठी अर्थिंगचा खड्डा असतो. जीआय पाइप, भोवती मीठ-कोळशाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं. भिंतीपासून निदान दीड मीटर दूर, असं भारतीय मानक सांगतं. खड्डा केला म्हणजे अर्थिंग झालं, ही मात्र आणखी एक दिव्यासारखीच समजूत. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत ओल असेपर्यंत पाइप छान काम करतो. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि पाइपाला सोडते. कोकणात जांभ्याच्या कातळावर खड्डाच धड होत नाही. रत्नागिरीकडे एखाद्या घराचं अर्थिंग मोजलं आणि आकडा शंभर ओहमच्या वर गेला, तर नवल नाही.

थोडं गणित इथेही करू. खड्डा बरा निघाला, रोध २० ओहम आला. मोटारीच्या अंगावर २३० व्होल्टची फेज आली. प्रवाह किती वाहील? २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर. सर्किटवर १६ अँपिअरची एमसीबी आहे. तिच्या दृष्टीने ११.५ म्हणजे नेहमीचाच भार. ती पडणार नाही. झटक्यात पडायला तिला, प्रकारानुसार, निदान १६ च्या तिपटी-पाचपटीहून जास्त प्रवाह हवा. तेव्हा अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि मोटारीचं अंगही जिवंत आहे. खड्डा तापत राहतो, मीटर धावत राहतं. एवढी गळती दिवसभर चालू राहिली तर बिलात ६३ युनिट वाढतात. कधी कधी लोकांना दोष कळतो तो शॉकमुळे नव्हे, बिलामुळे.

ही कोंडी आरसीसीबी, म्हणजे गळती पकडणारं यंत्र, फोडते. तिच्या आत लोखंडी कडं असतं आणि फेज व न्यूट्रल दोन्ही तारा त्या कड्यातून जातात. जेवढा प्रवाह गेला तेवढाच परतला तर दोघींचं चुंबकत्व एकमेकांना खोडून काढतं. काही भाग तिसऱ्या वाटेने, म्हणजे खड्ड्यातून किंवा कोणाच्या तरी अंगातून गेला, की बेरीज शून्य राहत नाही आणि खटका पडतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला पडते. आता खड्डा २० ऐवजी २०० ओहमचा असला तरी गळती एक अँपिअरच्या वर जाते, म्हणजे ३० मिलिअँपिअरच्या कित्येक पट. कातळावरच्या वाडीत तर तिला पर्यायच नाही.

तीसच का, याचं उत्तर बरंचसं कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या बर्कलीच्या चार्ल्स डालझिल या प्राध्यापकाच्या कामात आहे. माणूस धरलेली जिवंत तार किती प्रवाहापर्यंत स्वतःहून सोडू शकतो, हे त्याने स्वयंसेवकांवर मोजलं. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर आली, बायकांची साडेदहा. त्यापुढे हाताचे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. हृदयाची लय बिघडवणारा प्रवाह याच्या काहीसा वर सुरू होतो. गोठ्यातल्या नऊ वॅटच्या दिव्याला जेवढा लागतो, तेवढा छातीतून सेकंदाहून जास्त वेळ गेला तर जिवावर बेतू शकतं. डालझिलने १९६१ मध्ये काही मिलिअँपिअरची गळती पकडून वीज तोडणारं यंत्र बनवलं. अमेरिकेच्या वायरिंग संहितेत ते आधी पोहण्याच्या तलावांपाशी आलं, आणि घराबाहेरच्या सॉकेटला १९७३ मध्ये. घराच्या आतल्या खोल्यांची पाळी त्यानंतर आली. ओल आणि उघडी जमीन जिथे आहे तिथून सुरुवात करण्यात शहाणपण होतं. आपल्याकडे हे उलटं दिसतं: हॉलमधल्या डीबीत आरसीसीबी, आणि गोठ्याची वायर तिच्या आधीच, मीटरजवळून परस्पर काढलेली.

आरसीसीबी बसवायची ती वायरीच्या घराकडच्या टोकाला, म्हणजे मधल्या ४० मीटरांवरही तिची नजर राहते. गोठ्यासाठी ती वेगळीच हवी. एकाच आरसीसीबीवर घर आणि गोठा दोन्ही असले, तर पावसात गोठ्यातला होल्डर ओला झाला की स्वयंपाकघरही अंधारात. मग दोन-तीनदा असं झालं की कोणीतरी वैतागून ती काढूनच टाकतं. ‘सारखी पडत होती’ हे कारण ऐकायला मिळतं. ती का पडत होती, हे फारसं कोणी शोधत नाही. वेगळी बसवूनही ती पडत असेल, तर पुष्कळदा दोष एवढाच असतो की घराचा आणि गोठ्याचा न्यूट्रल पुढे कुठेतरी एकमेकांत मिसळलेला असतो. आणि तिच्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्या-दोन महिन्यांनी दाबायचं असतं. त्याने आरसीसीबी ठीक आहे एवढं कळतं, अर्थिंगबद्दल काहीच कळत नाही. त्यासाठी चांगला वायरमन साधा पिवळा बल्ब गोठ्यातल्या फेज आणि अर्थमध्ये धरून बघतो. बल्ब पेटायच्या आत आरसीसीबी पडली पाहिजे.

एवढं सगळं माणसाच्या हिशेबाने झालं. गोठ्याचे खरे रहिवासी वेगळे.

गाय-म्हैस माणसापेक्षा विजेला कितीतरी लवकर बळी पडते. तिच्या पायात चप्पल नाही, खुरं शेणामुताच्या चिखलात. पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटरच्या आसपास अंतर, आणि हृदय नेमकं त्या वाटेवर. जमिनीत करंट उतरत असेल तर उतरण्याच्या जागेपासून दूर जाताना व्होल्टेज कमी कमी होत जातं. माणसाच्या दोन पावलांत त्यातला थोडाच फरक सापडतो. जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत जास्त. पावसाळ्यात खांबाजवळून जाताना बैल कोसळतो आणि त्याला हाकणारा वाचतो, तो यामुळे. याच कारणाने गोठ्याच्या अर्थिंगचा खड्डा दावणीजवळ, जनावरं उभी राहतात तिथे कधीही करू नये. नेमका तिथेच तो खणलेला आढळतो, कारण जागा ओली असते आणि वायर कमी लागते.

जीव न घेणारी गळतीही गोठ्याला महाग पडते. अमेरिकेत विस्कॉन्सिन हे दुधाचं राज्य. तिथे गाई पाण्याच्या भांड्यापाशी बिचकतात, धारेला अस्वस्थ होतात, अशा तक्रारींचा शोध घेताना भांडं आणि जमीन यांच्यात व्होल्टभराचा फरक सापडू लागला. माणसाला तो जाणवतही नाही. गाईचं ओलं नाक भांड्याला आणि खुरं ओल्या फरशीवर, त्यामुळे तिला टोचतो. तिथल्या वीज नियामक आयोगाने गाईच्या अंगातून दोन मिलिअँपिअर प्रवाह ही दखल घेण्याची पातळी ठरवली. गाईचा रोध ५०० ओहम धरून तो बरोबर एक व्होल्ट होतो. युरोप-अमेरिकेतल्या नव्या गोठ्यांत म्हणूनच काँक्रीटच्या फरशीत लोखंडी जाळी घालून ती खांब, पाण्याचे पाइप, दावणीचे बार यांना जोडतात. सगळं एकाच पातळीवर आलं की गाईच्या नाकाला आणि खुराला फरक लागत नाही. आपल्याकडे नवा गोठा बांधताना कोब्यात जाळी टाकणं काही अवघड नाही. जुन्यात निदान लोखंडी अँगल, पत्रे आणि पाण्याचा पाइप जीआय तारेने एकमेकांना आणि अर्थला बांधता येतात.

आता वायरीची वाट. जमिनीखालून न्यायची तर आर्मर्ड केबल, म्हणजे पोलादी तारांचं किंवा पट्ट्यांचं कवच असलेली. भारतीय मानकात कमी दाबाच्या केबलसाठी खोली पाऊण मीटर आहे. चरात खाली वाळू, वर पुन्हा वाळू, त्यावर विटांचा थर, मग माती. विटा यासाठी की पुढे कोणी कुदळ घातली तर आधी वीट लागावी. घूस आणि उंदीर नुसत्या पीव्हीसीचा फडशा पाडतात; कवचावर त्यांचे दात चालत नाहीत. कवच स्वतः दोन्ही टोकांना ग्लँडने पक्कं करून अर्थला जोडायचं, नाहीतर कुदळ लागून तेच जिवंत होतं. चर बुजवण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. पाच वर्षांनी नारळ लावताना केबल कुठून गेली हे कोणालाच आठवत नाही.

वरून न्यायची तर सर्व्हिस वायरीला स्वतःचं वजन पेलू देऊ नये. घरापासून गोठ्यापर्यंत जीआय तार ताणायची, दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर, आणि वायर त्या तारेला क्लिपांनी धरायची. झाड, पत्र्याची कड आणि कपड्यांची तार यांच्यापासून ती लांब हवी. ओल्या कपड्यांच्या तारेचा शॉक लागून एका घरातली दोन-तीन माणसं एकामागून एक गेल्याच्या बातम्या पावसाळ्यात येतात. एकाला सोडवायला दुसरा धावतो, तिसरा त्याला धरतो. बहुतेक वेळा पत्र्यावर घासलेली अशीच एखादी वायर पत्र्याला, आणि पत्रा कपड्यांच्या तारेला टेकलेला असतो. भारतात विजेच्या धक्क्याने वर्षाला दहा हजारांहून अधिक माणसं मरतात, आणि त्यातली कितीतरी स्वतःच्याच घराच्या आवारात.

कायद्याची बाजू थोडक्यात. बल्ब, फ्यूज, स्विच बदलणं घरच्याने केलं तर चालतं. नवी लाईन ओढणं परवानाधारक ठेकेदाराचं काम, आणि भार वाढला तर महावितरणला कळवावं लागतं. घरच्या मीटरवरून गोठ्याच्या शेडमध्ये पिठाची गिरणी सुरू केली, किंवा शेजाऱ्याला एक वायर दिली, तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. शेजारधर्माचं हे बिल अनेकांना अनपेक्षित असतं.

आणि गोठ्यात खरोखर एक-दोन दिवेच हवे असतील, तर वायर ओढायचीच कशाला, हाही प्रश्न आहे. पत्र्यावर छोटं सौर पॅनेल, खाली बारा व्होल्टची बॅटरी, बारा व्होल्टचे एलईडी. चाळीस मीटरांचा चर नाही, खड्डा नाही, आणि ओल्या हाताने होल्डरला हात लागला तरी बारा व्होल्टने मूठ आखडत नाही. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते आणि सलग आठ-दहा दिवस झड लागली की उजेड मंदावतो. कडबाकुट्टी मात्र त्यावर चालणार नाही. ती गोठ्यात हवी असेल, तर चारची वायर, वेगळी आरसीसीबी आणि दावणीपासून लांबचा खड्डा, असा सगळा खर्च मोटारीच्या किमतीतच धरावा लागतो.